भिंतीवरची हजेरी

आईच्या दोन्ही काखांत हात घालून लेकीने जोर लावला, तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला.

"ओढू नकोस," आई म्हणाली. "खांदा निखळेल माझा."

आई पलंग आणि कपाट यांच्यामधल्या बोळात जमिनीवर बसली होती. एक पाय लांब, एक पोटाशी, पाठ भिंतीला टेकलेली, काठी मांडीवर. गाऊनची बाही कोपरापाशी फाटली होती. लेकीने तिला अलगद सोडलं आणि सवयीने फोन काढून पाहिला. दोनदा वाजून तो बंद झाला होता. वर नाव होतं, आई.

तिने नावाकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. आईच्या हातात फोन नव्हता. उशाशी नव्हता, पलंगाखालीही नव्हता. आईने तोंड कपाटाकडे फिरवलं.

"तुझा फोन कुठे आहे?"

"आधी मला वर तर घे."

लेक प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. चक्कर येऊन कोसळणारी माणसं तिला नवी नव्हती. धिप्पाड पुरुष सुई पाहून तिच्या खांद्यावर मान टाकायचे आणि ती त्यांना एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने बाटलीचं झाकण लावायची. पण आज समोर आई होती. तिने आईचा खुबा दाबून पाहिला, गुडघा वाकवून पाहिला, मनगट फिरवून पाहिलं. मोडलेलं काही नव्हतं. कोपर खरचटलं होतं आणि तळपाय बर्फासारखे गार होते. इतके गार व्हायला किती वेळ लागतो, हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

ती आज इथे येणारच नव्हती. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका आजोबांचं रक्त उपाशीपोटी घ्यायचं होतं. ती पोचली तेव्हा आजोबा चहा आणि बिस्किटं संपवून ओठ पुसत होते. बिस्किटं म्हणजे काही खाणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या घरी जाईपर्यंतचा वेळ मोकळा मिळाला म्हणून ती आईकडे वळली. किल्ली फिरवताना आतून काहीतरी ठोकल्यासारखा आवाज आला होता. तेव्हा तिने त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

कशीबशी तिने आईला पलंगावर घेतलं. पाय पांघरुणात गुंडाळले, कोपर पुसलं, पट्टी लावली. आई मुकाट्याने सगळं करू देत होती. हेच वाईट लक्षण होतं. मुलींच्या वसतिगृहात सारी हयात अधीक्षक म्हणून काढलेली ही बाई, कुणाला अंगाला हात लावू द्यायची नाही आणि कुणाचं ऐकायचीही नाही.

"फोन कुणाकडे आहे, आई?"

"शेजारच्या काकांकडे."

"कधीपासून?"

आईने पट्टीची कड नखाने दाबून बसवली. "झाले काही महिने."

बाबा गेल्यापासून रोज सकाळी आईचा मिस्ड कॉल यायचा. दोनदा वाजवायचं आणि ठेवायचं, उचलायचं नाही, बोलायचं नाही. मी उठले, मी ठीक आहे, तू तुझ्या कामाला लाग, एवढाच त्याचा अर्थ. तो आला की लेकीचा जीव भांड्यात पडायचा आणि मगच तिच्या घशाखाली चहा उतरायचा. गेल्या हिवाळ्यात एकदा तो आलाच नाही. लेक रिक्षा करून धावत आली, तर आई आरामात खिडकीत बसली होती. बोटं आखडली होती, बटण दाबलंच गेलं नाही, म्हणाली. लेकीने त्या दिवशी रडून गोंधळ घातला आणि अट घातली. पुन्हा एक दिवस जरी कॉल चुकला, तरी बॅग भरायची आणि माझ्याकडे राहायला यायचं. मग मी एक शब्द ऐकणार नाही.

त्यानंतर कॉल एकदाही चुकला नव्हता. अटीचा परिणाम झाला म्हणून लेकीने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

ती उठली आणि तिने शेजारचं दार वाजवलं.

काका बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दार उघडताना अजून ते बाजूला सरकून आधी समोरच्याला जागा देत. नाकावर चष्मा, एका हातात कप. दुसऱ्या हातात आईचा फोन.

"अगं, तू? आत्ताच तर दिला मी..." आणि त्यांनी जीभ चावली.

"काय दिलंत, काका?"

कप खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना. "आत ये. आधी ऐकून तरी घे."

"आई जमिनीवर पडली होती. मी आत शिरले तेव्हा पडलेलीच होती. तेवढ्यात तुमचा कॉल आला की ती ठीक आहे."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "लागलं का फार?"

"ते नंतर. तुम्हाला काही माहीत नसताना रोज सकाळी तुम्ही मला काय म्हणून कळवत होता?"

"माहीत नसताना नाही," काका म्हणाले. आवाज दुखावलेला होता. "असं समजू नकोस. मी आधी विचारतो."

त्यांनी तिला आतल्या भिंतीपाशी नेलं. भिंतीच्या पलीकडे आईचा पलंग होता. रंगावर एका जागी बारीक बारीक खळगे पडले होते आणि खाली लाटणं ठेवलेलं होतं.

"बाईंची बोटं सकाळी उघडत नाहीत. काचेवरचं ते बटण त्यांना जमत नाही. म्हणून रात्री फोन माझ्याकडे देतात. सकाळी मी ठोकतो. त्या काठीने उत्तर देतात. गाडीत घंटीचं असायचं तसंच. दोन ठोके, म्हणजे गाडी सोडा. एक ठोका, म्हणजे थांबा." त्यांनी खुंटीवरची किल्ली दाखवली. "एक आला, तर ही घेऊन मी आत. दोन आल्याशिवाय मी तुला कॉल दिलेला नाही. एकदाही नाही."

"आणि आज?"

"दोन आले. मी माझ्या कानांनी ऐकले. चष्मा सापडेना म्हणून कॉल द्यायला थोडा उशीर झाला, तेवढाच."

दोघंही भिंतीकडे बघत राहिले. काकांना ते लेकीच्या आधी कळलं असावं, कारण ते हळूच स्टुलावर बसले.

"पडल्या होत्या, तरी दोन दिले," ते म्हणाले. "मी इथे उभा होतो. वीतभर भिंत. एक दिला असता तर..." त्यांनी लाटणं उचलून मांडीवर घेतलं. "मी हजारदा म्हटलं बाईंना, लेकीला सांगून टाका. तर मला म्हणतात, तुम्ही तिकिटं फाडा."

लेकीने फोन घेतला. त्यांच्यावर ओरडायचं ठरवून ती आली होती. आता कुणावर ओरडायचं तेच तिला कळेना.

ती परतली तेव्हा आई पलंगावर ताठ बसली होती. केस विंचरलेले, गाऊनवर स्वेटर, पाय खाली. बसायला सुद्धा तिला किती कष्ट पडले असतील, ते तिच्या वरच्या ओठावरच्या घामावरून दिसत होतं.

"बॅग माळ्यावर आहे," आई म्हणाली. "मला काढता येणार नाही. तूच काढ."

"आई..."

"अट म्हणजे अट. वसतिगृहात एकीची हजेरी दुसरीने दिली की मी दोघींनाही घरी पाठवायची. आता मला कशाला सूट?"

लेकीने मान वर करून माळ्याकडे पाहिलं. इतके दिवस तिला हेच तर हवं होतं. तिच्या घरातली मागची खोली रिकामी होती, पडदेही लावून झाले होते. आई तिथे असती तर रात्री फोन उशाशी घेऊन झोपायला नको, सकाळी चहा घेताना काळजात धडधड नको. आई स्वतःच्या तोंडाने बॅग काढ म्हणत होती. स्टुलावर चढायचं आणि बॅग ओढायची, एवढंच बाकी होतं.

ती स्टूल घ्यायला गेली नाही. आईच्या शेजारी बसली.

"दोन ठोके का दिलेस?"

"एक दिला असता तर काका आले असते."

"मग यायला नको होते?"

"आले असते, उचललं असतं, आणि मग तुला सांगितलं असतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही." आईने स्वेटरचं बटण लावायचा प्रयत्न केला, बोटांनी दाद दिली नाही, तिने सोडून दिलं. "मला थोडा वेळ हवा होता. उठले असते मी. नेहमी उठते."

"नेहमी?"

आईने ओठ घट्ट मिटले.

लेकीला एकदम भीती वाटली, पडण्याची नव्हे, त्या मिटलेल्या ओठांची. आपणच ते शिवले आहेत हे तिला लख्ख दिसलं. आपल्या एका अटीसाठी ही बाई गारठलेल्या फरशीवर बसून, हाकेच्या अंतरावर किल्ली असताना, सगळं ठीक आहे म्हणून भिंत ठोकत होती. खुबा मोडला असता तरी तिने दोनच ठोके दिले असते.

"अट मागे घेतली," लेक म्हणाली.

आईने तिच्याकडे तिरकं पाहिलं. थापा मारणाऱ्या शेकडो मुली त्या नजरेखालून गेल्या होत्या.

"आत्ता म्हणशील. मी तोंड उघडलं की चढशील माळ्यावर."

"नाही चढणार."

"काय ऐकलंस तरी?"

लेक सरकून माळ्याकडे पाठ करून बसली.

"काय ऐकलं तरी. तू सांगशील तेव्हाच बॅग निघेल. तोवर नाही."

आईने एक मोठा श्वास सोडला. मग मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवून, तक्रार नोंदवून घेताना बोलायची तशा कोरड्या आवाजात ती बोलू लागली.

"हे तिसरं. पहिल्यांदा न्हाणीघराच्या दारात. दुसऱ्यांदा इथेच, पलंगापाशी. दोन्ही वेळा मी माझी उठले. आधी कुशीवर व्हायचं, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीवर हात टेकून हळूहळू वर. मला येतं ते. तालीम केली आहे मी. म्हणून तर खुर्ची इथे, पलंगाला लावून ठेवली होती."

लेकीने पलंगाच्या कडेला पाहिलं. तिथे खुर्ची नव्हती.

"रविवारी तू झाडलोट केलीस," आई म्हणाली. "पाय अडकून पडशील म्हणालीस आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलीस."

"मग बोलायचं नाही का तू? राहू दे म्हणायचं."

"आणि खुर्ची कशाला लागते म्हणून विचारलं असतंस, तर काय सांगणार होते?"

लेकीचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. ती उठली, तशी आईची नजर झटकन माळ्याकडे गेली. लेकीने ते पाहिलं आणि तिला फार वाईट वाटलं. ती आतल्या खोलीत गेली, खुर्चीवर ठेवलेले कपडे उचलून बाजूला टाकले आणि खुर्ची बाहेर आणली.

"इथे?"

"अजून पुढे. पाठ भिंतीला लाव, नाहीतर सरकते."

लेकीने खुर्ची भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी दाबून पाहिली. ती हलली नाही. न्हाणीघरात धरायला दांडा हवा, सकाळी पाय उतरवण्याआधी करायचे व्यायाम हवेत, फोन आजपासून गळ्यातच हवा. तोंडापर्यंत आलेलं हे सगळं तिने गिळलं. नमुन्यांची पेटी दाराशी तशीच पडली होती. पुढच्या घरी दिलेली वेळ टळून गेली असणार.

"निघू मी? दुपारी येते. मग दोघी बसून ठरवू, काय काय करायचं ते."

आईने पांघरुणाची घडी घातली, ती नीट बसली नाही, पुन्हा घातली. मग खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस जरा," ती म्हणाली. "गॅसचं अजून सांगायचं राहिलंय."

माळ्याकडे जाऊ लागलेली नजर खाली आणून लेक खुर्चीत बसली.

"सांग," ती म्हणाली.