मरगळे बी

डॉक्टर लोकांना अंगातली सगळी हाडं पाठ असतात, पण संदर्भ लिहिताना स्वल्पविराम कुठे द्यायचा हे जन्मात कळत नाही. कळत नाही म्हणून तर माझं काम चालतं, तेव्हा मी कुरकुर करू नये, पण करते. मी गौतमी. भुकूमच्या फ्लॅटमध्ये बसून डॉक्टरांच्या शोधनिबंधांखालच्या संदर्भांच्या याद्या नीट लावून देते. आधी आडनाव, मग नावाचं एक अक्षर, पुढे टिंब नाही, आणि सहाच्या वर लेखक असले तर उरलेल्यांची बोळवण 'व इतर' मध्ये. मागे एका यादीत लेखकाचं आडनावच 'पुणे' निघालं. कॉम्प्युटरने शहराला डॉक्टर करून टाकलं होतं आणि खऱ्या डॉक्टरांनी ते न बघता पाठवलं होतं.

डॉ. निरंजन त्यातल्या त्यात बरे. मुळशी तालुक्यात मण्यार साप चावलेल्या एकतीस रुग्णांवर त्यांनी निबंध लिहिला होता. नियतकालिकाकडून निबंध परत आला तो एका शेऱ्यासकट. त्यात एक वाक्य होतं: 'विषाने पापण्या मिटायला लागतात तेव्हा घरच्यांना वाटतं, मुलाला झोप येतेय, आणि ते त्याला झोपवतात.' याला आधार काय, असं परीक्षकाने विचारलं होतं. आधार द्या, नाहीतर वाक्य काढा.

"काढून टाका ताई," निरंजन फोनवर म्हणाले. "सोमवारी पाठवायचंय."

माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, बाकीचा निबंध तुमच्यासारखे चार जण वाचतील आणि विसरतील. हे एक वाक्य वाचून एखादी नर्स गावात जाऊन बायकांना सांगेल, की अशा वेळी पोराला झोपवू नका, उचलून दवाखाना गाठा. तेच काढायचं?"

ते हळूच म्हणाले, "रिहे गावच्या वस्तीवर बायजा म्हणून एक बाई आहे. तिने सांगितलं होतं मला. तिची मुलगी, सोनाली, सात वर्षांची. आणली तेव्हा उशीर झाला होता. मीच ड्यूटीवर होतो."

कुणी तोंडी सांगितलेलंही आधार म्हणून देता येतं. यादीत नाही, मजकुरातच कंसात, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. मात्र त्या माणसाची लेखी परवानगी लागते, आणि लिहिलंय ते बरोबर आहे असंही त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं. निरंजननी फोन करून बायजाला विचारलं. ती म्हणाली, पाठवा कुणालाबी. स्वतः जायचं मात्र त्यांच्याच्याने होईना. मला राग आला आणि कीवही आली. शेवटी मीच संमतीपत्र घेऊन रिह्याला निघाले.

बायजा तिशीची असेल. एका फार्महाऊसवर झाडलोट करते, नवरा धुळा मेंढरं राखतो. दुपारची कामावरून येऊन ती दारात शेळीला पाला टाकत होती. मला चटई दिली, पाणी दिलं, आणि समोर उकिडवी बसली.

"वाचा," म्हणाली.

मी मराठीत लिहून नेलं होतं. "पहाटे मुलीच्या पोटात दुखू लागलं. अंगावर कुठे चावल्याची खूण नव्हती. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटायला लागले. तिला झोप येतेय असं आम्हाला वाटलं आणि आम्ही तिला झोपवलं."

"आमी न्हाई," बायजा म्हणाली. "मी. धनी मेंढरं घिऊन भाईर हुतं. मीच वव्याचं पानी पाजलं, मीच मांडीव घिऊन निजवलं. थोपटलं बी. ती म्हनली, आये, डोळं उघडंना. म्या म्हनलं, मग नीज."

मी लोकांच्या चुका काढून पोट भरते. 'आम्ही' खोडून तिथे 'मी' लिहिलं, 'आम्हाला'चं 'मला' केलं.

"ताई, नाव घालायलाच पाहिजे असं नाही," मी म्हटलं. "डॉक्टर वाक्य काढतील. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही."

"काडलं तर दुसरी कुनी अशीच निजवंल की पोराला." तिने पदराने नाक पुसलं. "ऱ्हाऊ द्या. नाव कसं लिवनार?"

"त्यांची पद्धत म्हणजे आडनाव आणि एक अक्षर. मरगळे बी."

"मरगळे बी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आनि दुसरं कोन?"

"दुसरं कुणी नाही, बी म्हणजे बायजा, तुम्हीच," असं म्हणता म्हणता मला हसू फुटलं, आणि तीही हसली. हसता हसताच ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

डोळे पुसून म्हणाली, "त्ये नगं. सोनालीची आय लिवा."

मी नियमावर गेले. सवयच ती. "निबंधात पेशंटचं नाव छापता येत नाही, ताई."

"पेशंटचं कुटं? माजं नाव हाय त्ये. सात वरसं समदी वस्ती मला सोनालीची आय म्हनत हुती. ती गेली आन् दुसऱ्या दिवसापास्नं मी सूरजची आय झाले. सूरज धाकटा. मला वाईट वाटंल म्हून म्हनत न्हाईत, कळतं मला. पन तेवडं बी ऱ्हायलं न्हाई."

याच्याविरुद्ध माझ्याकडे नियम नव्हता. असता तर मी तो मोडला असता.

तिने खाली पूर्ण नावाची सही केली. निरंजननी आईची इच्छा आणि संमती कळवणारं पत्र संपादकांना लिहिलं, आणि मी कंसात रोमन अक्षरांत, भाषांतर न करता, 'सोनालीची आई' असं घातलं. महिन्याभराने छपाईआधीची प्रत आली. त्यांच्या कुणा शहाण्याने 'आई' हेच आडनाव समजून ते आधी आणलं आणि 'आई एस' करून ठेवलं होतं. मी इतकी तापले की चहा तसाच ओट्यावर राहिला. पण उत्तर लिहिलं ते शांतपणे: हे आडनाव नाही, बाईंनी स्वतः दिलेलं नाव आहे, दिलंय तसंच छापावं. आणि तसंच छापून आलं.

त्या दुपारी मी रिह्याला फोन लावला. पलीकडे शेळी ओरडत होती.

"हॅलो, कोण, सोनालीची आई का?" मी विचारलं.

तिने आधी शेळीला हटकलं.

"व्हय," ती म्हणाली. "सोनालीची आयच बोलतीया."