सायरन वाजला की घागरी घ्यायच्या

सकाळचे पावणेदहा. सन दोन हजार तेरा, मे महिना. गेवराई तालुक्यातली खळेवस्ती. रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत घागरी मांडलेल्या. घागरींच्या मागे बायका उभ्या आणि बायकांसमोर मी. माझा सायरन चालू आहे. माझ्या पोटात साप चावलेली एक बाई आहे आणि मला पुढे जाता येत नाही.

मी रुग्णवाहिका बोलतेय. माझ्या अंगावर नाव तेच रंगवलंय, म्हणून मीही तेच सांगते.

त्या सकाळबद्दल पुष्कळ लोक बोलले. चेअरमन बोलले, अधिकारी बोलले, पेपरात छापून आलं. आता माझ्याकडे वेळच वेळ आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगते.

माझा सांगाडा पुण्याकडे तयार झाला, पण माझं नशीब ठरलं ते एका सहकारी साखर कारखान्याच्या आवारात. सभासदांच्या ऊसबिलातून थोडं थोडं कापून मला विकत घेतलं होतं. बॉयलर पेटवायच्या मुहूर्तालाच माझंही लोकार्पण झालं. चेअरमन आबासाहेबांनी माझ्या पुढच्या चाकाशी नारळ फोडला. दोन्ही अंगांवर त्यांचं नाव होतं, ‘रुग्णवाहिका’ या शब्दापेक्षा मोठ्या अक्षरांत. तोंडावर मात्र अक्षरं उलटी होती, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसावीत म्हणून. गावातली माणसं बराच वेळ ती अक्षरं बघत राहिली आणि शेवटी एकजण म्हणाला, "पेंटर पिऊन व्हता."

त्या दिवशी कारखान्यानं मला आरोग्य केंद्राला भेट दिलं. आत एक स्ट्रेचर, एक ऑक्सिजनची टाकी, बसायला दोन बाकं. सुरुवातीची वर्षं चांगली गेली, हे सांगितलंच पाहिजे. कोयता लागलेले हात मी नेले, विंचू चावलेली पोरं नेली. चतुराबाईची लेक तर माझ्यातच जन्मली, रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली. ती पोर मोठी झाल्यावर शाळेत जाताना माझ्या दारावर थाप मारून जायची.

मग डिझेलचा प्रश्न निघाला. आरोग्य खातं म्हणालं, गाडी कारखान्याची, डिझेल त्यांनी घालावं. कारखाना म्हणाला, आम्ही दान दिलं, दानाला डिझेल कोण घालतं? दोघांचंही म्हणणं बिनचूक होतं. मी उभी राहिले.

उभी राहिले ती केंद्राच्या दारात, राधाकिशनच्या हॉटेलासमोर. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, स्टोव्ह आणि एक बाकडं. दुपारनंतर माझी सावली त्याच्या दारापर्यंत यायची, मग बाकडं माझ्या सावलीत सरकायचं. बद्रीनाथ पेपर मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे त्या बातम्यांची चिरफाड करायचे. आरोग्याच्या बातम्यांवर त्यांचा विशेष जीव.

"ऐका," एकदा बद्रीनाथ म्हणाला. "‘जिल्ह्यातील सर्व आरोग्य केंद्रांत सर्पदंशावरील लस उपलब्ध.’"

"कुठं उपलब्ध हाय बे?" म्हाळूनं विचारलं.

"पेपरात."

"मग साप चावल्यावर पेपरच बांधावा म्हणतो मी."

"आपल्या केंद्रात काय हाय तर?"

"पांढरी गोळी. डोकं दुखलं तर एक, पोट दुखलं तर तीच अर्धी."

"अन् डॉक्टर?"

"डॉक्टर बीडला असतो. हितं त्याची खुर्ची असती," राधाकिशन कप विसळता विसळता म्हणाला. "खुर्ची लई इमानदार हाय बघा. एक दिवस रजा न्हाई."

सगळे हसले. मीही हसले असते. माणसं अशीच असतात. जी गोष्ट रोज बोचते, तिच्यावर रोज हसून घेतात. पण हसणं झालं की कप खाली ठेवून उठतात, आणि समोरच्या केंद्रात जाऊन, बाबा, लस दाखव, असं कुणी म्हणत नाही. मी इतकी वर्षं समोर उभी होते, मी तरी कुणाला जाताना पाहिलं नाही.

मग दुष्काळ पडला. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याची धुराडी थंड. विहिरींना तळ दिसला. सरकारी टँकर यायचा, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. अशात एक दिवस आबासाहेब केंद्राच्या दारात आले. माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ही उभ्या उभ्या गंजायली. हिच्यात टाकी बसवा. पुण्य तरी लागंल."

स्ट्रेचर काढलं. ऑक्सिजनची टाकी काढली. बाकं उचकटली. माझ्या तळाला भोकं पाडून काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी बोल्टांनी आवळून बसवली. आणि इतकी वर्षं जे डिझेल कुणालाच सापडत नव्हतं, ते दुसऱ्या दिवशी सापडलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. वस्त्या दूर दूर पसरलेल्या, पाणी आलेलं कळणार कसं? म्हणून ड्रायव्हर जालिंदर वस्तीजवळ आला की सायरन लावायचा. आठवड्याभरात सगळ्या वस्त्यांना सवय झाली. सायरन वाजला की घागरी घ्यायच्या आणि रस्त्यावर यायचं. सगळ्या जगात माझा आवाज ऐकून माणसं बाजूला होतात. आमच्याकडे माझा आवाज ऐकून माणसं रस्त्याच्या मधे येऊ लागली.

इथवर ठीक होतं. पुढे संध्याकाळच्या खेपा सुरू झाल्या. त्या खेपांना सायरन नसायचा, आणि त्या जायच्या आबासाहेबांच्या डाळिंबाच्या बागेकडे. वाटेत खळेवस्ती लागायची. पहिल्यांदा बायकांनी हात केला तेव्हा जालिंदर खिडकीतून ओरडला, "आत पेशंट हाय, सरका!" बायका झटकन बाजूला झाल्या. एका म्हातारीनं हात जोडले. दुसऱ्यांदाही झाल्या. तिसऱ्यांदा पारूबाई नावाच्या बाईनं माझ्या मागच्या दारातून पाणी ठिबकताना पाहिलं. ती धुळीत पडलेल्या त्या थेंबांच्या मागे मागे थोडी चालत गेली आणि उभी राहिली.

त्यानंतर माझ्यातला पेशंट खळेवस्तीनं कधी खरा मानला नाही.

आता ती सकाळ. सत्यभामा केंद्राच्याच गावातली, सटवाची बायको. दुष्काळात साप ओल शोधतात, आणि गावात ओल उरली होती ती फक्त नळाच्या ओट्याखाली. तिथं घागर उचलताना तिला साप चावला. सटवा आणि तिची सासू मालनबाई तिला केंद्रात घेऊन आले. डॉक्टर बीडला बैठकीला गेलेले. सिस्टर होती. तिनं पाय हलू न देता लाकडी पट्टीला बांधला, सलाईन लावलं आणि कपाट उघडून दाखवलं. "लस न्हाई मावशी. गेवराईला न्या. आत्ताच्या आत्ता न्या."

मी दारातच उभी होते, नुकतीच भरून आलेली. सत्यभामाला माझ्यात ठेवलं, पण ठेवायला जागा कुठं होती? टाकी आणि दार यांच्या मधल्या सांदीत गोधडी टाकली आणि गुडघे मुडपून तिला निजवलं. तिचं डोकं मालनबाईच्या मांडीवर, पाठ टाकीला लागलेली. सलाईनची बाटली सटवानं हातात धरली. मी पाण्यानं जड झाले होते, चढाला धापा टाकत होते. तरी टाकीचा कॉक सोडून पाणी ओतून द्यावं, हे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्या साली ते मनात येणं शक्यच नव्हतं.

"थंड लागतंय," सत्यभामा एकदा म्हणाली. टाकीला पाठ लावून म्हणाली.

"लागू दे बाई. बरं असतंय," मालनबाई म्हणाली.

खळेवस्तीच्या अलीकडे जालिंदरनं सायरन लावला. पेशंट आहे, रस्ता मोकळा व्हावा म्हणून लावला. माणूस घाबरला की शिकवलेलंच करतो. आणि शिकवलेलंच वस्तीनंही केलं. घराघरांतून बायका घागरी घेऊन धावल्या.

जालिंदरनं ब्रेक दाबला. "सरका! मावशी, सरका, पेशंट हाय!"

"परवाबी पेशंटच व्हता," पारूबाई पुढे येऊन म्हणाली. "कुठं निघालास? डाळिंबाला सलाईन लावाया?"

बायका हसल्या. मागून एकीनं विचारलं, "लई शिरियस हाय का रं डाळिंब?"

"आगं देवाशपथ, साप चावलाय!"

"कुणाला? टाकीला?"

पुन्हा हसू. जालिंदर गाडी बंद करून खाली उतरला. हात जोडले, शिव्या दिल्या, पुन्हा हात जोडले. सटवा आतून ओरडत होता, पण माझा सायरन चालूच होता, त्यात त्याचं ऐकू कुणाला येणार? "आमच्या वाट्याचं पानी टाक अन् जा," पारूबाई म्हणत होती. "आमी का म्हून रोज उगं उन्हात उभं राहावं?" तिचा प्रश्न बरोबर होता. दिवस चुकीचा होता.

शेवटी तिनंच माझं मागचं दार ओढलं. दार फटीएवढं उघडलं तेव्हा आधी तिला टाकी दिसली, तिच्या तोंडावर ‘बघा, म्हणलं नव्हतं’ असा भाव आला. मग सबंध उघडल्यावर पट्टीला बांधलेला सुजलेला पाय दिसला. पारूबाईच्या हातातली घागर खाली पडली.

"आगं माय," ती म्हणाली. "सरका! सरका गं बायांनो, खरं हाय!"

जालिंदरनं किल्ली फिरवली. बॅटरी म्हातारी झाली होती, आणि तिच्यात उरलंसुरलं होतं ते सायरननं खाल्लं होतं. मी घरघरले आणि थांबले.

मग त्याच बायकांनी मला ढकललं. घागरी रस्त्यातच राहिल्या. पदर खोचून, अनवाणी, डोंगराएवढी पाण्यानं जड झालेली गाडी त्यांनी चढावर ढकलली. पारूबाईचा खांदा माझ्या दाराला लागला होता. माझ्या चाकाखाली दोन घागरी चेपल्या. त्या साली घागर चेपली तर बायका रडायच्या. त्या दिवशी एकीनंही वळून पाहिलं नाही. उतार लागला, मी सुरू झाले.

गेवराईला पोहोचेपर्यंत सत्यभामा बोलायची थांबली होती. दवाखान्यात लस होती, डॉक्टर होते, ते धावत आले. त्यांनी तिचे डोळे उघडून पाहिले, छातीला नळी लावली आणि मालनबाईकडे न बघता विचारलं, "एवढा वेळ कुठं लागला?"

दुसऱ्या दिवशी राधाकिशनच्या बाकड्यावर बद्रीनाथनं पेपर उघडला. आवाज चढवला नाही. "‘महिलांनी रुग्णवाहिका अडवली, सर्पदंश झालेल्या विवाहितेचा मृत्यू.’ खाली चेअरमनचं म्हणणं हाय. ‘कारखान्याने मोफत सेवा दिली, परंतु ग्रामीण भागात अद्याप जागृतीचा अभाव आहे.’"

"टाकीचं लिवलंय का?" राधाकिशननं विचारलं.

"न्हाई."

"लस नव्हती ते?"

"न्हाई."

"स्ट्रेचरचं?"

"न्हाई म्हणलं ना."

त्या दिवशी कुणी हसलं नाही. पण समोरच्या केंद्रातही कुणी गेलं नाही.

आठवड्यानं पारूबाईवर आणि आणखी काही बायकांवर गुन्हा दाखल झाला. रुग्णवाहिका अडवल्याचा. ज्यांनी मला ढकललं त्यांची नावं त्यात आहेत, कारण मला ढकलायला त्या तिथं होत्या, एवढाच पुरावा पोलिसांना मिळाला. जालिंदर साक्षीदार आहे. "आबासाहेब म्हणले तसं केलं," एवढं एक वाक्य त्यानं चहा पिताना म्हाळूला सांगितलं आणि मग विषय बदलला.

त्याच साली पुढे पाऊस बरा झाला. धुराडी पुन्हा पेटली. कारखान्यानं केंद्राला नवी गाडी दिली, तिच्यावरही तेच मोठं नाव आहे. मी केंद्राच्या मागे उभी आहे. माझ्या टायरांत मुंग्यांची घरं झालीत, टपावर शेळ्या चढतात. चतुराबाईची लेक आता मोठ्या शाळेत जाते. अजून कधी मधी माझ्या दारावर थाप मारते, पण पहिल्यासारखी जोरात नाही. बहुतेक तिला कुणीतरी त्या दिवसाचं सांगितलं असावं.

मला भंगारात विका, माझं काही म्हणणं नाही. गाडीचा शेवट तोच असतो. फक्त विकण्याआधी माझ्या सायरनची तार तोडा. खळेवस्तीत आजही लांबून तसा आवाज आला की म्हाताऱ्या बायकांचा हात नकळत घागरीकडे जातो आणि मग तिथंच थबकतो.

पारूबाई तारखेला एसटीनं जाते. कोर्टात तिला विचारतात, तू गाडीसमोर उभी होतीस का. ती म्हणते, होते. तिचं उत्तर लिहून घेतात आणि पुढची तारीख देतात.

ती काळी टाकी अजून माझ्यातच आहे, तळाला बोल्टांनी आवळलेली. ती बसवायला कुणी सांगितलं, हे अजून एकाही साक्षीदाराला विचारलेलं नाही.