बाहेरून लावायची कडी

मी कबुलीची पेटी बोलतेय. जालन्यात मस्तगडापलीकडं, छावणीच्या वाटेवर काळ्या दगडाचं कॅथलिक चर्च आहे ना, त्यातली. या, बसा. माझ्या कानी पडलेलं मी कुणाला सांगत नाही. वीस-बावीस वर्षं तीच माझी पत आहे. डोळ्यांसमोर घडलेलं मात्र सांगायला मोकळी आहे.

माझा साग एका मोडलेल्या जिनिंग गिरणीच्या तुळयांचा. पारखी माणसानं टिचकी मारली की मान डोलवावी असा. मला घडवलं कचरू सुतारानं. परदेशी फादरांनी त्याला कागदावर आकृती काढून दिली : मधे जाळी, एका अंगाला दाराआड फादर बसणार, दुसऱ्या अंगाला गुडघे टेकून माणूस आपली पापं सांगणार. असली वस्तू कचरूनं जन्मात पाहिली नव्हती. दार असलेली लाकडी खोली म्हणजे त्याच्या लेखी धान्याची कोठी. म्हणून कडीही कोठीसारखी लावली, बाहेरून! आतून काहीच नाही.

तेव्हाच इमाम मिस्त्री वेदीवरच्या गोल खिडकीत रंगीत काचा बसवत होता. निळ्या पदराची मेरीमाता, तिच्या पायाशी लिलीची फुलं. आता लिली त्यानं कुठं पाहिलेली? त्यानं बसवली कापसाची बोंडं, चांगली उकललेली, पांढरीशुभ्र.

शिडीवरून तो ओरडला, "कचरूभाई, फादरला कोंडून ठिवतो काय? ज्वारी हाय का ती?"

"तू तुझं बघ. मेरीमातेला कापूस येचाया लावलंय!"

फादर पोट धरून हसले आणि दोन्ही तसंच राहू दिलं. हा विनोद दोघांना वीस वर्षं पुरला.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. उन्हाळ्यात रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. भादव्यात हिंदी फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि ज्यांची घरं जळाली होती त्यांतले काही कुऱ्हाडी घेऊन निघाले. जाळणारे कधीच पळाले होते. हाती लागत होते ते इमामसारखे.

त्या दुपारी फादर वडीगोद्रीला जखमींच्या मलमपट्टीला गेले होते. इमाम शिडीवर निखळलेली काच बसवत होता, कचरू शिडी धरून उभा. फाटकाशी आरडाओरडा झाला तसा इमाम खाली उतरला.

"मी जातो भाईर. माझ्यापायी तुला कशाला?"

कचरूनं त्याचं बखोट धरलं, माझ्या दारातून आत ढकललं आणि कडी घातली.

"कडी काढ, कचरूभाई!"

"गप. ज्वारी बोलत नसती."

सात-आठ जण आत घुसले. पुढं मच्छिंद्र. त्याच्या भावाला रझाकारांनी गोळी घातली होती.

"कचरूमामा, इमाम कुठं हाय?"

"गेला मागच्या दारानं."

मच्छिंद्रनं शिडीखालच्या चपला उचलल्या. "अनवानी गेला का?"

कुऱ्हाडीचा दांडा कचरूच्या गुडघ्यावर बसला. लाकूड मोडल्याचा आवाज मला ठाऊक आहे. हा त्याहून ओला होता.

"गेला म्हन्लं ना," कचरू खालून म्हणाला.

दुसरा घाव बरगड्यांवर. कुणीतरी माझ्या दारावरही पातं हाणलं, ते बोटभर रुतलं. आत इमामच्या कानापाशी.

"ह्या पेटीत बघा रे!"

मच्छिंद्रनं कडीकडं नजर टाकली. "येडा का तू? भाईरून कडी हाय. फादरचं सामान असन."

मग गोल खिडकीवर दगड सुरू झाले. निळा पदर फुटला, मेरीमातेचं तोंड फुटलं, काचा कचरूच्या अंगावर पडल्या. इमाम आतून खांद्यानं दार हाणत होता. एकदा, दहादा. काचांच्या खळखळाटात कुणाला ऐकू गेलं नाही. आणि मी, इतका चोख साग, हलले नाही.

निघताना कुणीतरी कचरूच्या डोक्यात शेवटचा घाव घातला. तो माझ्या दाराशी पडला. कडी त्याच्या हातापासून वीतभर वर होती. हात त्यानं उचलला नाही.

दिवस कलताना त्याची बायको झुंबरबाई शोधत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जीव गेला होता. बऱ्याच वेळानं माझ्या आत कुणी हुंदका दिला, तेव्हा ती उठली आणि रक्ताळल्या हातानं तिनं कडी काढली.

इमामचा खांदा सुजून काळा पडला होता. "भाभी, लई ढकललं. आतून उघडतच न्हाई."

"ठाव हाय मला," झुंबरबाई म्हणाली. "म्हनून तर त्यानं लावली."

आता नाताळ आलाय. गोल खिडकीला पोत्याचा पडदा आहे. फादरांनी इमामला खऱ्या लिलीचं चित्र आणून दिलं. तो पुन्हा बोंडंच बसवतोय. परवा नवा सुतार माझी कडी आतून लावायला आला, तर इमामनं त्याचा पटाशीचा हात धरला.

माझी एवढीच विनवणी. दारावरचा घाव हवा तर बुजवा, कडी हलवू नका. आणि कधी ती बाहेरून घातलेली दिसली, तर मी रिकामी आहे असं समजून पुढं जाऊ नका. एकदा काढून बघा.