अर्ध्या मिनिटाची शांतता

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या पोटात गोष्ट राहत नसेल, तर त्याने माझ्याकडे बघावं. मी हातात मावेल एवढा, आवाज टिपणारा एक जुना रेकॉर्डर आहे. माझ्या बॅटरीचं झाकण तुटलंय, ते रबरबँडने बांधलंय. एका गेलेल्या माणसाचा आवाज मी चार वर्षं पोटात ठेवला होता आणि मला तो कुणाला सांगता येत नव्हता.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. तिथल्या बाईने मला तोंडाशी धरून "एक, दोन, तीन" म्हटलं, ते परत ऐकलं आणि मला खोक्यात घातलं. दुकानातून मला जिने आणलं तिला घरी सगळे भोंगा म्हणायचे. लहानपणापासून आवाजच तसा. ही भोंगा मंचावर एकटी उभी राहून लोकांना हसवायची. मला पुढच्या खुर्चीखाली ठेवायची आणि घरी येऊन, माझं ऐकत ऐकत वहीत लिहायची, इथे हसले, इथे नुसते खोकले. खोकले जास्त भरले की चिडायची माझ्यावर, जसा काही मीच खोकलो होतो.

तिचं नाव झालं ते बाबांवरच्या विनोदांमुळे. "आमच्या घरात दोन गोष्टी कधी उघडल्या नाहीत," ती सांगायची. "एक पाहुण्यांच्या कपबशांचं कपाट आणि दुसरं बाबांचं तोंड." लोक हसून हसून बेजार व्हायचे. बाबा शेवटच्या रांगेत, खांबाला लागून बसलेले असायचे, तोंडावर रुमाल धरून. मी हजारो माणसांचं हसणं टिपलं, त्यात बाबांचं एकदाही नव्हतं.

एकदा आत्या म्हणाली, "बापाची पार लाज काढलीस गं. तोंड लपवून बसतो बिचारा." त्या दिवशी भोंगा जेवली नाही. पुढच्याच महिन्यात बाबा यायचे बंद झाले. गुडघे दुखतात म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही.

मग तिने घरीच पॉडकास्ट सुरू केला. मागच्या खोलीत भिंतींना जुन्या रजया टांगल्या, दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये मी. पाहुणा आला की ती आधी त्याला अर्धं मिनिट गप्प बसवायची. मित्रांनो, प्रत्येक खोलीची आपली शांतता असते. बोलण्यातला खोकला कापला की त्या जागी ही शांतता भरतात, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो.

एका दुपारी तिने बाबांनाच समोर बसवलं. तिला एकच विचारायचं होतं, माझ्या विनोदांनी तुम्हाला लागलं का? एरवी हे विचारायचा तिला धीर नव्हता, मी मध्ये असलो की यायचा. "बाबा, अर्धं मिनिट गप्प बसा हं," ती म्हणाली. सगळं शांत झालं. बाबांच्या नाकातून बारीक शीळ यायची, तेवढीच काय ती ऐकू येत होती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतातून पाणी गळत होतं. भोंगा मला तसाच चालू ठेवून खाली धावली. वीस मिनिटांनी परत आली तर बाबा जसेच्या तसे बसलेले. "गप्पच बसलोय," ते म्हणाले, "तू सांगितलंस तसा." तिला तो टोमणा वाटला. प्रश्न तोंडातच राहिला. उद्या विचारू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

त्यानंतर ती मंचावर गेली नाही. 'आमचे बाबा' म्हटलं की तिचा आवाज बसायचा. घरही बदललं. नव्या खोलीत सारखा लिफ्टचा आवाज, म्हणून पॉडकास्टमध्ये ती जुन्या खोलीतली शांतता भरायची. बाबांसमोर टिपलेलं तेच अर्धं मिनिट, तेही न ऐकता. पुढची वीस मिनिटं रिकामी असणार, असं ती धरून चालली होती. खरं सांगायचं तर ऐकायची तिची हिंमत नव्हती. मी मात्र सगळं ऐकलं होतं. ती मला हातात घ्यायची तेव्हा वाटायचं, एकदा बटण दाब गं बाई. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

मग ऐकणाऱ्यांची पत्रं येऊ लागली. 'तुमच्या मागे कोणीतरी श्वास घेतंय.' 'तुम्ही एकट्या नसता का?' खापर माझ्यावर फुटलं. हा बिघडलाय म्हणून भोंगाने सगळं पुसून मला देऊन टाकायचं ठरवलं. अंगठा बटणावर होता. मी माझ्या पडद्यावर विचारलं, 'नक्की पुसायचं?' मला तेवढंच विचारता येतं. ती थांबली आणि तिने हेडफोन लावले.

आधी शीळ आली. ती तिने ओळखली, कारण तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. मग बेल, मग तिचीच पावलं. आणि त्यानंतर बाबांनी खिशातून फोन काढला. फोनमधून तिचाच आवाज आला, तोच कपबशांच्या कपाटाचा विनोद. बाबा पुटपुटले, "ही मेली कवळी. चारचौघांत धड हसूही देत नाही. निसटते." समोरच्या पेल्यात कवळी टाकल्याचा टक आवाज झाला. मग बाबा हसले. बिनदातांचं, फसफसणारं, मधेच खोकल्यात बुडणारं हसू. विनोद संपला की मागे नेऊन तोच परत ऐकायचे आणि परत हसायचे. शेवटी दारात पावलं वाजली, घाईघाईने पेला खळखळला.

"गप्पच बसलोय. तू सांगितलंस तसा."

भोंगाने ते वाक्य सहा वेळा ऐकलं. तोंडावर ओढणी धरून ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

मित्रांनो, रिकामं वाटलं म्हणून काही पुसून टाकू नका. आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. आणि जे माणसाला विचारायचं आहे ते त्याच दिवशी विचारा, उद्यावर टाकू नका.

भोंगा आता पुन्हा मंचावर जाते. नव्या खोलीत पॉडकास्ट करताना ती एकटीच असते, तरी सुरुवात करण्याआधी समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणते, "बाबा, अर्धं मिनिट गप्प बसा हं." मी चालू असतो. मला बारीक शीळ ऐकू येते. ती माझ्या पोटातून येते की त्या खुर्चीतून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.