हुबेहूब जुन्यासारखं

नर्सांच्या ड्यूटीचा तक्ता नव्याने बनवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा रुग्णालयाच्या मेट्रनबाईंची एकच अट होती. "दिसायला हुबेहूब जुन्यासारखं हवं. माझ्या मुलींना परत शिकवत बसायला मला वेळ नाही." जुना प्रोग्रॅम वॉर्डातल्या एकाच संगणकावर चालायचा. नवा ब्राउझरमध्ये, कुठूनही उघडेल असा हवा होता. मी मान डोलावली. चार महिने खपून वरची मेनूची पट्टी, राखाडी चौकटी, खिडकीत उघडणारी खिडकी, डबल क्लिक, राइट क्लिक, सगळं जसंच्या तसं उतरवलं. आमचे साहेब खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू?

माझी ताई त्याच रुग्णालयात नर्स आहे. तक्ता सुरू होऊन तिसरा आठवडा असेल. सकाळच्या ड्यूटीला गेलेली ताई मी ऑफिसला निघायच्या आत परत आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली.

"आज सुट्टी होती मला. काल दुपारी तक्ता बदलला म्हणे. सहा दिवस सलग काम करून मिळालेली सुट्टी, आणि मी दोन बस बदलून तिथे हजर."

"अगं, मग फोनवर बघायचंस ना! त्यासाठीच तर केलंय ते."

तिने फोन माझ्या हातात दिला. "तूच दाखव."

तक्ता मुंगीएवढ्या अक्षरात दिसत होता. तिच्या नावावर डबल क्लिक करायला गेलो, तर पानच मोठं झालं. आठवडा बदलायला राइट क्लिक लागायचा. बोटाला कुठला आलाय राइट क्लिक? आतली खिडकी सरकवली, ती बंद करायच्या फुलीसकट पडद्याबाहेर गेली. वैतागून मागे जायचं बटण दाबलं, तर थेट पासवर्डपाशी येऊन पडलो.

"रोज हेच होतं," ताई म्हणाली. "आम्हाला वाटलं, आम्हीच ढ."

"मला बोलली का नाहीस?"

"इतका राबला होतास रे."

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लोकांना त्याचीच सवय आहे."

"ती सवय टेबलावरच्या संगणकाची होती, साहेब. आता बसमध्ये उभ्या उभ्या बघतात."

त्यांनी डोळे चोळले. "मेट्रनबाईंची सही झालीय. आहे त्याला हात लावू नकोस. हवं तर वेगळं एक पान कर."

दोन दिवसांत केलं. ना खिडक्या, ना मेनू. उघडलं की आपलं नाव आणि खाली एकाखाली एक सात दिवस; बदललेला दिवस ठळक. मागे गेलं की आधीचा आठवडा.

ताईला लिंक पाठवली. तिने जेवता जेवता उघडून पाहिली. उद्याचा रविवार ठळक होता. सुट्टी रद्द.

"दिसलं बाई एकदाचं," ती म्हणाली आणि पाचचा गजर लावून उठली.