दाराआडचा फलक

तपासणीच्या खोलीचं दार सकाळी नऊला उघडलं की संध्याकाळपर्यंत उघडंच राही, आणि त्या दारामागच्या भिंतीवर फलक होता. गर्भपाताच्या प्रत्येक दवाखान्यात रुग्णाच्या हक्कांचा फलक दर्शनी भागात हवा, असा कायदा झाला, तेव्हा तो बाहेर बाकांसमोर लागला होता. मग तिथे टीव्ही आला आणि फलक दाराआड गेला. वर्षातून एकदा तपासनीस येत. तेवढ्यापुरतं दार लोटायचं, फलक दाखवायचा, शेरा घ्यायचा, की पुन्हा दार उघडं.

सतरा वर्षं तिथे राबणाऱ्या सिस्टरला हे पाहून चीड यायची. "मॅडम, फलक बाहेर लावू या," असं तिने डॉक्टरीणबाईंना कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मॅडम मनाने वाईट नव्हत्या. "भिंतीवर आहे ना? झालं तर मग," म्हणून मोकळ्या होत.

दोन महिन्यांपूर्वी शिवणकाम करणारी एक बाई एकटीच आली होती. "सोबत कोण? नवऱ्याची सही लागेल," काउंटरवरच्या मुलीने रीतीप्रमाणे सांगितलं. ही सही कायद्यात कुठेच नव्हती. मागून कुणाचं भांडण नको, म्हणून दवाखान्यानेच ती लावून घेतली होती. बाई "बरं" म्हणून गेली. नवऱ्याला सांगण्यासारखं घर असतं, तर ती एकटी कशाला आली असती? कुठल्याशा गोळ्या घेऊन ती घरीच रक्तस्रावाने गेली. फलकावरची पहिलीच ओळ होती, 'सज्ञान बाईची स्वतःची सही पुरेशी आहे.' ती ओळ तिच्यापासून दहा पावलांवर होती. आणि सिस्टर तर दोनच पावलांवर, कपाट लावत, गप्प उभी होती. हे तिला अजून खात होतं.

आज एक सून आली होती. सोबत काठी टेकत सासू आणि मोबाईलमध्ये डोकं घातलेला नवरा.

"शेवटची पाळी कधी आली?" सिस्टरने सुनेला विचारलं.

"दोन महिने होऊन गेले," सासू म्हणाली.

"आधी मूल?"

"एक आहे. अजून धड चालत नाही."

"मी त्यांना विचारतेय."

"ती लाजते हो. माझं मांडीचं मोडलेलं हाड आत्ता कुठे जुळलंय. आता हिनं अंथरूण धरलं तर माझं कोण करणार?"

"तुमच्या मनानं चाललंय ना हे?" सिस्टरने सुनेकडे वाकून विचारलं. सुनेने आधी सासूकडे पाहिलं, मग "हो" म्हणाली. असले होकार सिस्टरने शेकड्याने ऐकले होते.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"का? मी काय परकी आहे का?" सासू जागची हलली नाही. आतून मॅडमचा आवाज आला, "सिस्टर, आटपा. बाहेर गर्दी आहे."

सिस्टरने चरफडत लघवी तपासायची बाटली सुनेच्या हाती दिली. सून उठली, पाठोपाठ सासूही उठली. बाथरूमच्या दाराशी मात्र तिला थांबावं लागलं. आत एकाच माणसापुरती जागा होती. सतरा वर्षं बाटल्या वाटूनही सिस्टरला हे कधी सुचलं नव्हतं.

"थांबा, फरशी ओली आहे. पुसून देते," ती म्हणाली. तिने खोलीचं दार ओढलं, फलक काढून फडक्याखाली धरला आणि बाथरूमच्या आत टॉवेलच्या खुंटीला अडकवला. मग सून आत गेली आणि कडी लागली.

बराच वेळ झाला. सासूने दारावर काठी आपटली. सून बाहेर आली तेव्हा बाटली रिकामीच होती.

"सिस्टर, आत लिहिलंय ते खरं आहे का? नको असेल तर नको म्हणता येतं, कुणी जबरदस्ती करू शकत नाही, ते?"

"खरं आहे. कायदाच आहे तो."

"मग मला नाही करायचं. मला हे मूल हवंय."

"डोकं फिरलंय का तुझं?" सासू कडाडली. नवऱ्याने मोबाईल खिशात टाकला आणि बायकोचा दंड धरला. "घरी चल. बघू तिथं."

सुनेने हात सोडवून घेतला. सिस्टरने केसपेपरवर तिचा नकार लिहिला आणि तिने खाली सही केली. सिस्टरने स्वतःचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून तिच्या मुठीत दिला. घरी गेल्यावर तिचं काय होणार, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नव्हतं.

तिघं गेल्यावर मॅडम बाहेर आल्या. "फलक बाथरूममध्ये? कायद्यात दर्शनी भाग म्हटलंय, सिस्टर."

"बाईच्या समोरून घरची माणसं बाजूला होतात, अशी तेवढी एकच जागा आहे इथं. तिच्यासाठी दर्शनी भाग तोच. बाहेर लावायला दुसरा करून घ्या. आणि नवऱ्याची सही आजपासून मी कुणाला मागू देणार नाही. काढायचं असेल तर मला कामावरून काढा."

तेवढ्यात एक बाई पदर सावरत एकटीच काउंटरशी येऊन उभी राहिली. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "सोबत कोण आहे?"

बाईने मान खाली घातली.

"मी आहे," सिस्टर म्हणाली.