बोया न बांधलेली तार

जहाज वाळूवर चढलं, तोंडाचा दरवाजा धाडकन पडला आणि किनाऱ्यावरचे जखमी सैनिक पाण्यातून रांगत आत यायला लागले. लेते बेटावरच्या याच खाडीत, याच माणसांना टाकून हे जपानी जहाज मागच्या खेपेला पळालं होतं.

मागच्या टोकाला कुवाबारा उभा होता. नांगराचं काम त्याच्याकडे. असलं जहाज किनाऱ्याला लागतानाच मागे नांगर टाकून येतं आणि निघताना त्याची तार चरखीवर ओढत स्वतःला वाळूतून उपसतं. मागच्या खेपेला जहाज सुटलं, तोवर शत्रूची विमानं आली. नांगर वर घ्यायला वेळ नव्हता. कप्तान हिरोसे ओरडले, "तोड!" तोडायच्या आधी तारेला तरंगता बोया बांधायचा असतो, म्हणजे परत सापडते. कुवाबाराने तशीच कुऱ्हाड घातली. घाबरला होता, बस.

मनिलात दुसरा नांगर मिळाला नाही. तरी हुकूम आलाच, जखमींना घेऊन या.

आता ओहोटी लागली होती. इंजिनं उलटी फिरून फिरून तापली, पण जहाज तसूभर हललं नाही.

इंजिनवाला नेझू काळ्या तोंडाने वर आला. "काय रे, नांगर कुठाय तुझा?"

"मागेच. खाली कुठेतरी."

"आणि बोया? लाजून बुडाला काय?"

कुवाबारा खाली बसला. बूट काढायला लागला.

हिरोसे जवळ आले. "तार सापडेल?"

"बघतो, कप्तानसाहेब."

"उजाडत आलंय. नाहीतर यांना खाली उतरवावं लागेल."

दोरखंडाला टेकून बसलेला एक पाय नसलेला सैनिक हसला. "उतरवू नका हां, साहेब. तुमची पाठ एकदा बघून झालीय आमची."

कुवाबाराने उडी मारली.

खाली नुसता गाळ. हाताला पोवळी लागली, कुणाचं तरी हेल्मेट लागलं. तार नाही. वर यायचा, श्वास घ्यायचा, परत खाली. बोटं सोलली. आकाश पांढरं झालं.

"कुवाबारा!" नेझू कठड्यावरून ओरडला. "विमानं! वर ये, गाढवा!"

"आणखी एकदा!"

तो खाली असतानाच पाण्याने त्याला छातीत लाथ घातली.

वर आला तेव्हा कानात नुसती शिट्टी होती. जहाज मधोमध फाटून पेटलं होतं. कठड्यावर नेझू नव्हता. कठडाच नव्हता. दरवाजातून कुणीच बाहेर येत नव्हतं.

तेलात हातपाय मारत तो किनाऱ्याकडे निघाला. पाणी आणखी उतरलं होतं. छातीएवढ्या पाण्यात त्याने पाय टेकले, तर तळव्याखाली काहीतरी गोल, पिळाचं लागलं. तीच तार.

वाकून त्याने ती दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन ओढली.

नांगर हलला नाही. पक्का रुतलेला होता.